दोरा कुठे तुटला ते बघा : हरलेली मॅच वाचायची कशी

उत्तरायणाला बडोद्यात कुणाचाही पतंग कापला गेला की शेजारच्या अगाशीवरून 'काप्यो छे'चा गलका होतो आणि आपल्या अगाशीवर एकच निदान होतं : मांजा खराब होता. आमचे आजोबा मात्र उरलेला दोरा लपेटला जाईपर्यंत तोंडातून अक्षर काढत नसत. टोक हातात आलं की ते दोन बोटांत फिरवून बघायचे आणि मग निकाल द्यायचे. जवळजवळ सगळा दोरा परत आला असेल तर तो किन्न्यापाशी (पतंगाला दोरा बांधतात तिथे) सुटलाय, म्हणजे गाठ मारणाऱ्याचा दोष (गाठ मी मारलेली असायची). अर्ध्यावर साफ कापला असेल तर समोरच्याची सरशी, तक्रार नाही. आणि जेमतेम दहा-पंधरा हात दोरा उरलाय, टोक पिंजलंय, तर तो आमच्याच कठड्यावर घासून तुटला. पतंग तिन्ही वेळा सारखाच जायचा, पण पुढच्या पतंगाआधी करायचं काम तिन्ही वेळा वेगळं असायचं.

हे आठवलं ते भाच्यामुळे. सुट्टीत दांडिया बाजारातल्या आमच्या घरी राहायला आला होता आणि 'एज ऑफ एम्पायर्स 2' या कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या नव्या, 2019 सालच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये ऑनलाइन मॅचेस खेळायला लागला होता. लागोपाठ सहा हरला. प्रत्येक वेळी माऊस आपटून एकच वाक्य : "मामा, त्याच्याकडे नाइट होते!" (नाइट म्हणजे या खेळातले तगडे घोडेस्वार.) सातवी मॅच सुरू करायच्या आधी मी त्याला अडवलं आणि सहावी उघडायला लावली. पुढचं सगळं त्या एका मॅचवरून लिहितो आहे. खेळ दुसरा असला तरी पद्धत तीच चालते.

अगदी नवख्यांसाठी एवढंच सांगतो, की रिअल-टाइम स्ट्रॅटेजी या प्रकारच्या खेळात बुद्धिबळासारखी पाळी नसते. दोघं एकाच वेळी गाव वसवतात, लाकूड-धान्य-सोनं-दगड गोळा करतात, त्यातून फौज उभी करतात आणि भिडतात. म्हणजे एकाच वेळी दुकानही चालवायचं आणि कुस्तीही खेळायची. हरल्यावर आपल्याला कुस्ती तेवढी आठवते. दुकानाचं नुकसान आठवत नाही, कारण ते होत असताना आवाज होत नाही.

आधी एक ओळ लिहा

मॅच संपली की 'पुन्हा खेळा'वर बोट जाऊ देऊ नका. वहीत, फोनवर, कुठेही एक ओळ लिहा : मी का हरलो असं मला आत्ता वाटतंय. भाच्याने लिहिलं, 'नाइट आले, माझ्याकडे भालेवाले नव्हते.' बरोबर की चूक हा प्रश्न आत्ता नको. नंतर रीप्लेत, म्हणजे मॅचच्या साठवलेल्या चित्रणात, जे दिसेल त्याच्याशी ही ओळ ताडून बघायची आहे, आणि या दोघांतलं अंतर महिनाभर बघत राहिलात तर आपली नजर कुठे कच्ची आहे हे कळतं. मग उठा, पाणी प्या, गॅलरीत जाऊन या. डोकं तापलेलं असताना रीप्ले बघितला तर माणूस स्वतःची वकिली करत बसतो.

हरण्याबद्दलही एक हिशेब डोक्यात असू द्या. रँक्ड, म्हणजे रेटिंग ठरवणाऱ्या, मॅचमध्ये खेळ तुम्हाला तुमच्याच तोडीचा प्रतिस्पर्धी शोधून देतो. जिंकत गेलात की समोर आणखी तगडा येतो. त्यामुळे चांगले खेळाडूसुद्धा साधारण निम्म्या मॅचेस हरतात. सहा सलग म्हणजे जरा जास्त, पण जगबुडी नव्हे. नवख्याच्या रेटिंगचा आकडा आधी खाली घसरून मगच स्थिरावतो.

आकड्यांचा पडदा

मी कॉलेजात असताना हा खेळ सायबर कॅफेत खेळायचो. तासाचे पैसे मोजलेले, त्यामुळे मॅच संपली रे संपली की शेवटी येणारा आकड्यांचा पडदा आम्ही न वाचताच बंद करायचो आणि पुढची मॅच लावायचो. चार वर्षं खेळून मी जिथल्या तिथे राहिलो, त्याचं कारण तो पडदा. आता कुणी तासाचे पैसे मागत नाही, तेव्हा तो दोन मिनिटं बघा.

सगळं बघायची गरज नाही. एकूण गुण कुणाचे जास्त हे निरुपयोगी आहे. तंत्रज्ञानाच्या भागात कोण कधी फ्यूडल एजला आणि कधी त्यापुढच्या कॅसल एजला (ही खेळातल्या प्रगतीची युगं) पोहोचलं त्या वेळा दिलेल्या असतात, त्या उतरवून घ्या. भाच्याच्या मॅचमध्ये समोरचा 11:00 ला फ्यूडलला पोहोचला होता, भाचा 13:05 ला. दोन मिनिटं आणि पाच सेकंद. हा आकडा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे. (हे खेळातल्या घड्याळाचे आकडे. ऑनलाइन मॅचमध्ये ते घड्याळ खऱ्या घड्याळाच्या 1.7 पट पळतं, त्यामुळे चोवीस मिनिटांची मॅच प्रत्यक्षात चौदा मिनिटांत उरकते.)

मग टाइमलाइनचा आलेख. दोघांची रेघ कुठे एकमेकींपासून फाटायला लागते ते बघा. आमच्या आलेखात नाइट विसाव्या मिनिटाला आले होते, रेघा मात्र पाचव्या-सहाव्या मिनिटापासूनच फाकत होत्या. भाचा म्हणाला, "तेव्हा तर लढाई पण नव्हती."

तेव्हा लढाई नव्हती, आणि तरी रेघ फाटली. रीप्ले बघायचा तो यासाठी.

पहिली फेरी : लढाई बघायचीच नाही

रीप्ले आपोआप साठवला जातो. लगेच बघा, कारण खेळाचं नवं अपडेट आलं की जुने रीप्ले कधीकधी उघडत नाहीत. दुसरी अडचण अशी की इथला रीप्ले पुढे पळवता येतो, मागे नेता येत नाही. 'स्टारक्राफ्ट 2' या अशाच दुसऱ्या खेळात मागे जाता येतं, इथे नाही. म्हणून कागद-पेन घेऊनच बसायचं.

पहिल्या फेरीत नजर फक्त स्वतःची ठेवा, म्हणजे खेळताना तुम्हाला नकाशाचा जेवढा भाग दिसत होता तेवढाच. आणि टाउन सेंटरवर (गावाची मुख्य इमारत, नवी माणसं इथेच बनतात) क्लिक करून ते निवडलेलंच ठेवा. फौज, स्काउट (टेहळणी करणारा स्वार), मारामारी, काही बघायचं नाही. टाउन सेंटर काम करतंय की रिकामं बसलंय, एवढंच. रिकामं दिसलं की वेळ टिपा, पुन्हा सुरू झालं की वेळ टिपा.

याला एवढं महत्त्व का, त्याचा हिशेब सोपा आहे. एक व्हिलेजर (काम करणारा गावकरी) बनायला 50 धान्य आणि 25 सेकंद लागतात. सुरुवातीला तुमच्याकडे तीन व्हिलेजर आणि एक स्काउट असतो. टाउन सेंटर एक सेकंदही थांबलं नाही, मधे लूम नावाची सुधारणा केली (तिलाही 25 सेकंद लागतात), तर आठव्या मिनिटाला तुमचे 21 व्हिलेजर असायला हवेत. नवख्याला 18 जमले तरी मी खूष होईन. समोरच्याचे 20 होते. भाच्याचे 15.

पाच कमी. पाच गुणिले 25 म्हणजे 125 सेकंद, म्हणजे दोन मिनिटं पाच सेकंद. फ्यूडलच्या वेळांतला फरक नेमका तेवढाच होता! भाच्याने दोनदा गुणाकार करून बघितला.

मग आम्ही त्याच्या टाउन सेंटरच्या रिकाम्या वेळा ओळीने लिहिल्या. कागद अजून माझ्याकडे आहे :

सुरुवातीचे 20 सेकंद. तीन व्हिलेजर कामाला लावले, स्काउट फिरवायला घेतला, टाउन सेंटर विसरला.

2:50 ते 3:30, चाळीस सेकंद. वस्ती 10 पैकी 10. घर नाही म्हणून नवा माणूस जन्मालाच येत नाही. एक घर 25 लाकडांत बांधून होतं आणि पाच माणसांची सोय करतं. लाकूड होतं. घर सांगायचं राहिलं.

मधे एकदा 55 सेकंद. या वेळी घर होतं, पण धान्य पन्नासही नाही. सुरुवातीचं धान्य ज्यांच्यापासून मिळतं त्या मेंढ्या संपल्या होत्या आणि डुकराला ओढून आणायला माणूस निघाला तोच मुळी मेंढ्या संपल्यावर.

6:55 ते 7:35, पुन्हा चाळीस. वस्ती 15 पैकी 15. पुन्हा घर.

एकूण 155 सेकंद. सगळं आठव्या मिनिटाच्या आत, शत्रूचं तोंडही न बघता. भाचा बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे कठड्यावरच घासला."

आता नाइटांकडे या. एक व्हिलेजर मिनिटाला साधारण वीस नग माल आणतो असं धरा (काय गोळा करतोय आणि किती चालावं लागतंय यावर थोडं कमी-जास्त). पाच व्हिलेजर कमी म्हणजे मिनिटाला शंभर कमी. आठव्या मिनिटापासून विसाव्यापर्यंत बाराशे. एका नाइटला 60 धान्य आणि 75 सोनं लागतं, एकूण 135. विसाव्या मिनिटाला दारात सहा नाइट उभे होते, म्हणजे 810 चा माल. ते सहाच्या सहा आणि वर थोडे पैसे, भाच्याने आठव्या मिनिटाच्या आतच समोरच्याला सूट देऊन टाकले होते.

नवख्यांना मी पहिल्या फेरीतून हे एवढंच काढायला सांगतो. मॅच कुठल्याही कारणाने हरलेली असो, आधी आठव्या मिनिटाला व्हिलेजर किती होते ते लिहा. पंधराच्या आसपास आकडा असेल तर कुठली फौज चांगली, कुठला वंश (खेळाडू निवडतो ती संस्कृती) चांगला यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फाटक्या फिरकीवर महागडा मांजा गुंडाळल्यासारखं आहे ते.

मागे मागे जात 'का' विचारा

प्रत्येक रिकाम्या वेळेला 'का' एकदा विचारून थांबू नका. घर का नव्हतं? लक्षात नव्हतं. का लक्षात नव्हतं? तेव्हा काय करत होतास? इथे रीप्ले पुन्हा पहिल्यापासून लावावा लागला, पण वेळ सत्कारणी लागला. दोन्ही चाळीस सेकंदांत भाचा शत्रूच्या स्काउटमागे आपला स्काउट पळवत होता. दोन स्काउटांची ती झुंज कुणीच जिंकलं नाही. दोघांचं थोडं रक्त सांडलं आणि भाच्याची 80 सेकंदं गेली.

म्हणजे दुखणं घराचं नसून नजर कुठे अडकते याचं आहे. 'मी घरं बांधायला विसरतो' एवढंच लिहून ठेवलं असतं तर पुढच्या मॅचमध्ये तो दहा घरं आधीच बांधून लाकूड संपवून बसला असता. त्याच्यासाठी लिहिलं ते असं : 'स्काउटला लांबचा रस्ता एकदाच आखून द्यायचा, मग एच दाबून टाउन सेंटरकडे परत.' एच ही टाउन सेंटरवर नेणारी कळ आहे. काही लोक दर थोड्या वेळाने ती सवयीने दाबत राहतात, जसं आपण बाहेर पडताना खिशातली किल्ली चाचपतो.

दुसरी फेरी : समोरच्याच्या खुर्चीत

आता रीप्ले समोरच्याच्या नजरेने लावा. ही फेरी भरभर पळवली तरी चालते. दोन गोष्टी टिपायच्या : त्याने निर्णय कधी घेतला, आणि तो निर्णय तुम्हाला कधी दिसू शकला असता.

आमच्या मॅचमध्ये सोळाव्या मिनिटाला त्याच्याकडे दोन तबेले उभे होते. दोन तबेले बांधणारा माणूस पुढे शेती करणार नसतो. भाच्याचा स्काउट तेव्हा जिवंत होता, नकाशाच्या एका कोपऱ्यात, उभा. सुरुवातीच्या त्या झुंजीनंतर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो एकदा त्या गावावरून गेला असता तर नाइट यायच्या चार मिनिटं आधी उत्तर तयार करता आलं असतं. भालेवाला फक्त 35 धान्य आणि 25 लाकडांत होतो, सोनं लागतच नाही.

आणि इथे मला हसू आवरलं नाही. भाचा गुर्जर घेऊन खेळत होता. 2022 साली 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' आलं तेव्हा त्यात गुर्जर, द्रविड आणि बंगाली असे नवे वंश आले आणि आधीच्या 'इंडियन्स'चे हिंदुस्तानी झाले. "आपण गुजरातेत राहतो ना मामा" म्हणून याने गुर्जर घेतले. ठीक आहे. पण गुर्जरांची ओळखच उंट, आणि घोडेस्वारांना उंट म्हणजे काळ. उंटांचा वंश घेऊन या पठ्ठ्याने चौदा आर्चर, म्हणजे तिरंदाज, उभे केले होते!

समोरच्याच्या चुकाही बघा. विजेता बिनचूक खेळला असं आपल्याला हरताना वाटतं, रीप्लेत तसं दिसत नाही. याच्या सोन्याच्या खाणीवर पाच-सहा व्हिलेजर कुठल्याही संरक्षणाशिवाय बराच वेळ काम करत होते. चौदा आर्चर घरात बसवून ठेवण्यापेक्षा तिकडे नेले असते तर मॅच कदाचित वेगळीकडे गेली असती. नवखा हरतो तेव्हा समोरही बहुधा नवखाच असतो.

लढाई सगळ्यात शेवटी

लढाई बघायची ती मालाच्या हिशेबाने. चौदा आर्चर, प्रत्येकी 25 लाकूड आणि 45 सोनं, म्हणजे 980. त्यांनी मारले दोन नाइट, म्हणजे 270. हे आकडे लिहिले की 'जवळजवळ जिंकलो होतो' ही समजूत गळून पडते. आर्चर उघड्या मैदानात उभे होते. लाकडाच्या कुंपणामागे किंवा टाउन सेंटरच्या छायेत उभे असते तर हिशेब इतका वाईट झाला नसता.

काही मॅचेस खरोखर लढाईतच हरल्या जातात. गाव उत्तम चाललंय, व्हिलेजर बरोबरीने आहेत, आणि मॅंगोनेल या दगड फेकणाऱ्या यंत्राचा एक दगड घोळक्याने उभ्या आर्चरांवर पडतो, संपलं. दोरा मधोमध साफ कापला गेला. मग लढाईचाच सराव करा. पण सुरुवातीच्या पन्नासेक मॅचेसमध्ये असं क्वचितच होतं, असा माझा अनुभव आहे.

एकच गोष्ट उचला

एवढं बघितल्यावर कागदावर सात-आठ चुका जमतात आणि मन म्हणतं, उद्यापासून सगळ्या सुधारतो. नको. एक निवडा, आणि तीही वेळेत सगळ्यात आधी घडलेली. सगळ्यात मोठी कुठली हे ठरवत बसू नका. आधीची चूक सुटली की तिच्या पोटातल्या पुष्कळशा आपोआप सुटतात. नाइटांना उत्तर काय हे भाच्याने त्या आठवड्यात शिकायचं नव्हतं, आणि ते ऐकून तो जरा खट्टू झाला.

मग सराव, खऱ्या मॅचशिवाय. एकट्याने कॉम्प्युटरविरुद्ध सोप्या पातळीवर मॅच लावा आणि फक्त आठ मिनिटं खेळा. आठव्या मिनिटाला व्हिलेजर मोजा, आकडा लिहा, मॅच सोडा. जिंकायचं नाहीच. असे पाच-सहा डाव तासाभरात होतात. खेळातच 'आर्ट ऑफ वॉर' नावाचे सराव-धडे आहेत, त्यात सुरुवातीच्या गाववसाहतीवर वेगळा धडा आहे आणि कामगिरीप्रमाणे पदकही मिळतं. कंटाळवाणं आहे, पण बडोद्यातल्या जुम्मादादांच्या व्यायामशाळेतही पहिल्या दिवशी कुणी कुणाशी कुस्ती लावून देत नसणार.

काही मॅचेस मात्र उघडायच्याच नाहीत. नेट गेलं, वीज गेली, आईने मधेच गॅस बघायला उठवलं, समोरचा तुमच्यापेक्षा उघडउघड फार वरचा निघाला, तर त्या सोडून द्या. दिवसाला एक रीप्ले पुरे. चार मॅचेस हरून चारही चिरफाडीला घेतल्या तर खेळ राहत नाही, ऑडिट होतं. आणि जिंकलेली मॅचही अधूनमधून याच पद्धतीने बघा. भाच्याने जिंकलेल्या एका मॅचमध्ये आठव्या मिनिटाला 14 व्हिलेजर निघाले. समोरच्याचे 12 होते, एवढंच.

वही मात्र ठेवा. त्याच्या वहीत एका मॅचला तीन रकाने आहेत : मला काय वाटलं, आठव्या मिनिटाचा आकडा, पुढच्या वेळी एक गोष्ट. सुट्टी संपून तो कारेलीबागेत आपल्या घरी गेला तेव्हा दुसऱ्या रकान्यात 15, 15, 17, 16, 18 असं चढउतार करत गाडं चाललं होतं. परवा रात्री अकराला मेसेज आला : 'मामा, आज 19. तरी हरलो. मॅंगोनेल.'

मी लिहिलं, आधी रीप्ले बघ, मग फोन कर.